पुरानंतर घरबांधणीचा करार रद्द करायचा असेल तर काय करावं: नाशिकमधल्या प्लॉटधारकांसाठी

नाशिकमध्ये पूर किती आला हे गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. कमरेला लागलं, छातीपर्यंत गेलं, डोकं बुडालं. बातम्याही तेवढ्याच येतात: रामकुंड, सराफ बाजारात शिरलेलं पाणी, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, खाली चांदोरी-सायखेड्याची स्थिती. ज्यांचं घर त्या वेळी अर्धवट बांधून झालेलं असतं, त्यांचा घोळ पाणी ओसरल्यावर सुरू होतो आणि महिनोन् महिने चालतो. त्याबद्दल मराठीत नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही.

४ ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमची साइट सापडली. जोता झाला होता, कॉलमच्या सळया उभ्या होत्या, भराव चालू होता. पाणी उतरल्यावर ठेकेदाराने "आठ दिवसांत चालू करतो" म्हणत दिवाळी गाठली आणि अखेर आम्ही करार रद्द केला. पैसे परत मिळाले, दुसऱ्या माणसाकडून घरही पूर्ण झालं. तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. कायद्यातले जे बदल नंतर झाले तेही घातले आहेत.

हे मुख्यतः स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्यांसाठी आहे. बिल्डरकडे फ्लॅट बुक केला असेल तर रस्ता वेगळा, तो शेवटाकडे थोडक्यात दिला आहे.

माझं एक ठाम मत आधीच सांगते. बहुतेक लोक पहिल्यांदा वकिलाची नोटीस पाठवतात आणि साइटची मोजमापं नंतर घ्यायला जातात. तोवर गाळ काढलेला असतो, सळया कुणीतरी उचललेल्या असतात, आणि किती काम झालं होतं यावर दोन्ही बाजूंचा शब्द एवढाच पुरावा उरतो. करार रद्द करण्याचं पत्र कुठलाही वकील तासाभरात लिहून देईल. भांडण पैशांचं असतं, आणि पैसे मोजमापावर ठरतात. म्हणून मोजमाप आधी.

१. गाळाला हात लावण्याआधी

साइट स्वच्छ करायची घाई होते, ते साहजिक आहे. एक दिवस थांबा.

मोबाइलवर व्हिडिओ घ्या. रस्त्यावरून सुरुवात करा, शेजारचं घर किंवा विजेचा खांब दिसू द्या, म्हणजे जागा ओळखता येते. मग प्रत्येक खड्डा, प्रत्येक कॉलम, जोत्याच्या चारही बाजू, सिमेंटची खोली, वाळू-खडीचे ढीग जिथे होते ती जागा. भिंतीवर पाण्याची रेघ राहिलेली असते, तिला टेप लावून फोटो घ्या. मूळ फाइल मोबाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोतून तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पुढे कोर्टात हे फोटो दाखवायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं (हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे; जुने वकील अजून आधीच्या कायद्यातल्या कलमावरून "पासष्ट-ब" म्हणतात). त्यासाठी फोटो काढलेला मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका.

पंचनामा मागा. गावात तलाठ्याकडे, शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयाकडे आणि तहसील कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्धवट बांधकामाला सरकारी मदत मिळो न मिळो, अमुक तारखेला अमुक जागेवर पुराचं पाणी होतं याची सरकारी नोंद तुमच्याकडे राहते. धरणातून सोडलेल्या पाण्याची नोंद जलसंपदा विभागाकडे असते. माहिती अधिकारात अर्ज करून ती मागता येते, अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काही हलवू नका. बांधकामाचा विमा ठेकेदाराच्या नावावर असतो तसा मालकाच्याही असू शकतो. गृहकर्ज घेताना बँकेने एखादी पॉलिसी गळ्यात मारली असेल, तिचे कागद काढून बघा.

२. करार काढा आणि या गोष्टी शोधा

आपल्याकडे करार बहुतेकदा स्टॅम्प पेपरवरची दोन-तीन पानं आणि मागे जोडलेलं कोटेशन एवढाच असतो. तरी वाचा, ओळ न् ओळ. पाहायचं ते असं:

• दर मटेरियलसकट आहे की फक्त मजुरीचा?
• पैसे कोणत्या टप्प्याला किती टक्के?
• काम किती महिन्यांत पूर्ण करायचं होतं? तारीख आधीच उलटून गेली होती का?
• "नैसर्गिक आपत्ती" असं कलम आहे का? असेल तर ते मुदत वाढवून देतं की करार संपवायचा अधिकार देतं? किती दिवसांत लेखी कळवायचं आहे?
• करार मध्येच मोडला तर काय? अनामत जप्त, दंड, लवाद यांपैकी काही लिहिलं आहे का?

नैसर्गिक आपत्तीच्या कलमाबाबत एक सापळा आहे. बऱ्याच छापील करारांत हे कलम ठेकेदाराला मुदतवाढ मिळावी एवढ्यासाठीच घातलेलं असतं. त्याच्या आधारावर तुम्ही करार संपवू शकत नाही. उलट ठेकेदार तेच कलम दाखवून वाढीव महिने मागेल, आणि ते मागणं चूकही नसतं. पण मुदतवाढ म्हणजे किती, हे त्याच्याकडून लेखी घ्या. "पावसाळा संपल्यावर बघू" ही मुदत नव्हे.

लेखी करारच नसेल तर? तोंडी करारही करारच असतो. कोटेशन, बँकेतून गेलेले पैसे, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, सह्या केलेल्या पावत्या यांवरून तो सिद्ध करता येतो.

याच वेळी एक फाइल करा. त्यात असावं:

• करार, कोटेशन, वाढीव कामाच्या चिठ्ठ्या
• मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, जोता तपासणीचा दाखला असल्यास
• आर.सी.सी. ड्रॉइंग (सळई-काँक्रीटच्या कामाचा नकाशा)
• सातबारा किंवा मिळकत पत्रिका
• दिलेल्या प्रत्येक रकमेचा बँक उतारा. रोख दिले असतील तर पावती
• सिमेंट-सळईची बिलं, वाळू-खडीच्या डंपरची चलनं
• कर्जमंजुरीचं पत्र आणि आतापर्यंत उचललेल्या रकमेचा तपशील
• पंचनामा, फोटो, विमा पॉलिसी

रोख दिलेले आणि पावती नसलेले पैसे हा सगळ्यात दुखरा भाग. ठेकेदाराशी संबंध अजून बरे असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज टाका: "आतापर्यंत चेकने इतके आणि रोख इतके, एकूण इतके दिले आहेत, तुमच्या वहीत तेवढेच आहेत ना?" त्याने "हो" लिहिलं तरी मोठं काम झालं. हे नोटिशीच्या आधी करायचं. नंतर कुणी उत्तर देत नाही.

३. पूर आला म्हणून करार आपोआप संपतो का?

बहुतेक वेळा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ५६ मध्ये काम करणं अशक्य झालं तर करार निरर्थक होतो असं म्हटलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगुर या १९५४ च्या निकालात या "अशक्य"चा अर्थ लावला: शब्दशः अशक्य असण्याची गरज नाही, ज्या पायावर करार उभा होता तोच उखडला गेला असेल तर पुरे. पण काम लांबणं किंवा खर्च वाढणं एवढ्याने करार निरर्थक होत नाही. स्टील महागलं, मजूर गावी गेले, साइटवर गाळ आहे ही कारणं त्यात बसत नाहीत, ना ठेकेदाराला ना तुम्हाला.

कधी बसेल? नदीने प्लॉटचा मोठा भागच कापून नेला. किंवा जागा पूररेषेत येते म्हणून परवानगीच थांबली. अशा वेळी कलम ६५ लागू होतं: ज्याने करारातून जो लाभ घेतला तो परत करायचा किंवा भरपाई द्यायची. म्हणजे न केलेल्या कामाचे घेतलेले पैसे परत.

उरलेल्या प्रकरणांत तीनच वाटा राहतात.

पहिली, दोघांच्या संमतीने. कलम ६२ त्याला मान्यता देतं. पैसा, वेळ आणि झोप या तिन्हींच्या दृष्टीने हीच सर्वांत चांगली.

दुसरी, ठेकेदाराने काम सोडलं म्हणून. पूर ओसरून वाजवी वेळ गेला, तुम्ही लेखी बोलावलं, तरी तो आला नाही किंवा "जुन्या दरात जमणार नाही" म्हणाला, तर करार त्याने मोडला असं म्हणता येतं (कलम ३९, आणि मुदत महत्त्वाची असेल तर ५५). मग नुकसानभरपाई कलम ७३ खाली मागता येते.

तिसरी, तो काम करायला तयार आहे पण तुम्हालाच थांबायचं आहे. पैसे संपले, घाबरलात, जागा नकोशी झाली. हे सगळं समजण्यासारखं आहे, पण कायद्याच्या नजरेत करार तुम्ही मोडताय आणि भरपाई तुम्हाला द्यावी लागू शकते. अशा वेळी तोऱ्यात नोटीस पाठवू नका, पहिल्या वाटेने जा. करारात "मालकाने रद्द केल्यास अनामत जप्त" असं असलं तरी कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईपुरतंच मिळतं, लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा.

नोटीस लिहिण्याआधी आपण यापैकी कोणत्या वाटेवर आहोत हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा.

४. संयुक्त मोजमाप

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन.

ठेकेदाराला लेखी तारीख-वेळ कळवा. तुमच्याकडून आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर, शेजारचे दोन जण. त्याच्याकडून तो स्वतः किंवा मुकादम. तो आला नाही तर पुन्हा एकदा तारीख द्या, आणि तेव्हाही आला नाही तर इंजिनिअरकडून मोजमाप करून पंचांच्या सह्या घ्या, प्रत त्याला पाठवा. हा कागद एकतर्फी असला तरी "बोलावलं होतं" ही नोंद मोठी असते. पुढे दावा झाला तर न्यायालय कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा पाहणी करवू शकतं.

काय मोजायचं:

जमिनीखालचं काम. खोदाई, पी.सी.सी. (तळाचा साध्या काँक्रीटचा थर), फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया). फुटिंग बुजवलेलं असतं, मग वाद होतो. आर.सी.सी. ड्रॉइंगमधली मापं आणि बुजवण्याआधीचे फोटो जुळवा. फोटो नसतील तर इंजिनिअरच्या देखरेखीखाली एक-दोन ठिकाणी उकरून बघा. उकरताना पायाखालची माती वाहून गेली आहे का हेही कळतं. नाशिकच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. जोत्याला नव्या भेगा दिसत असतील तर त्यांची जागा आणि रुंदी नोंदवा.

भराव. मुरूम किती ब्रास टाकला आणि किती शिल्लक आहे, दोन्ही लिहा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. जोत्याच्या आतला भराव पाण्याने बसतो, कोपऱ्यातून वाहून जातो. वरून सपाट दिसला तरी पाय आपटला की पोकळ आवाज येतो.

सळई. सुटी सळई मोजायला काटा लागत नाही. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा: एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरचा अखंड गज सुमारे १०.७ किलो. किती गज आहेत ते मोजा, गुणाकार करा. कॉलममधून वर आलेल्या सळयांवर गंज असेल तर तारेचा ब्रश मारून बघा. ब्रशने निघणारा वरवरचा तांबूस थर फारसा काळजीचा नसतो, पण खपल्या पडत असतील, अंगावर खड्डे दिसत असतील तर ती सळई चालेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगायचं.

सिमेंट. पाणी लागलेल्या गोण्या गेल्या. वरून कोरड्या वाटल्या तरी आत खडे झालेले असतात. किती गोण्या खराब झाल्या, कोणत्या महिन्याचा माल होता, हे मोजून फोटो काढा आणि मगच टाका. "दळून वापरू" म्हणणारे भेटतात, त्यांना थारा देऊ नका.

वाळू, क्रशसँड, खडी. वाहून गेलेल्याचं मोजमाप होत नाही. इथे डंपरची चलनं आणि झालेल्या कामात किती वापरली असेल याचा इंजिनिअरने काढलेला हिशोब एवढाच आधार.

ठेकेदाराचं सामान. सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) प्लेटा, बल्ल्या, मिक्सर, पंप, पत्र्याची खोली. यादी करा. हे सामान त्याचं आहे (बऱ्याचदा त्याचंही नसतं, सेंट्रिंगवाल्याचं भाड्याचं असतं). पैसे अडकलेत म्हणून ते अडवून ठेवू नका. उलटी तक्रार होते आणि तुमची बाजू विनाकारण कमजोर होते.

यादीच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. "मान्य" असं लिहून देत नसेल तर "मोजमापाच्या वेळी हजर" एवढं तरी लिहून घ्या.

५. हिशोब: टक्के की प्रत्यक्ष काम?

आमचा सगळा वाद इथे अडला होता, आणि ओळखीतल्या लोकांचाही इथेच अडलेला पाहिला आहे. एक नमुना घेऊ.

१,८०० चौरस फुटांचं घर, मटेरियलसकट २,००० रुपये दर, म्हणजे ३६ लाख. करार करताना १० टक्के, जोता झाल्यावर २० टक्के असं ठरलं होतं. तुम्ही ३.६ आणि ७.२ मिळून १०.८ लाख दिले. शिवाय स्टीलचा भाव वाढतोय म्हणून ठेकेदाराने २ लाख आगाऊ घेतले. एकूण १२.८ लाख.

ठेकेदार म्हणतो, "जोत्याचे ३० टक्के ठरलेत, जोता झालाय, ते माझे. वरचे दोन लाख स्टीलला गेले, ते पुरात गेलं. ताई, पाऊस काय मी पाडला?"

इंजिनिअरने मोजमापावरून काढलेली कामाची किंमत येते ६.९ लाख. साइटवर वापरण्याजोगी सळई आहे ०.९ लाखाची. म्हणजे तुमच्या पदरात ७.८ लाखांचं आलं आणि गेले १२.८. फरक ५ लाख.

टप्प्याचे टक्के हे काम चालू राहावं म्हणून आधी जास्त पैसे देण्याची सोय असते. पुढचं सगळं काम होणार असतं तेव्हा ते बरोबर बसतात. करार मध्येच संपतो तेव्हा प्रत्यक्ष कामाची किंमत धरावी, हे म्हणणं मांडायला तुम्हाला मोजमाप लागतं. शब्दाला शब्द लावून हे पटत नाही. इंजिनिअरचा तक्ता समोर ठेवला की सूर बदलतो; आमच्या बाबतीत तसंच झालं.

ठेकेदाराचं नुकसानही नाकारू नका. त्याच्या सेंट्रिंगच्या प्लेटा गेलेल्या असतात, मजुरांना त्याने उचल दिलेली असते. साइटवर आणलेला पण बांधकामात न गेलेला माल कुणाचा बुडाला हे करारात स्पष्ट नसेल तर मधला आकडा धरणं शहाणपणाचं. वरच्या उदाहरणात मी पाच लाखांचा आग्रह धरून चार वर्षं घालवण्यापेक्षा चारवर मिटवीन.

६. समोरासमोर बसा

आर्किटेक्टच्या ऑफिसात बसलेलं चांगलं. घरी बसलं की चहा-पाणी होतं आणि कागद राहतो. साइटवर बसलं की आवाज चढतात. दोघांना मान असलेला एखादा माणूस मध्ये घ्या. नाशिकसारख्या गावात ठेकेदार, सिमेंटवाला, आर्किटेक्ट एकमेकांना ओळखतात, त्याचा इथे उपयोग होतो.

ठरलं तर लगेच "करार रद्द लेख" करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या ऐवजी किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. नोटरी करून घ्या. त्यात हे हवंच:

• मूळ कराराची तारीख, मोजमापाची तारीख, मोजमापाची प्रत जोडल्याचा उल्लेख
• परत द्यायची रक्कम, हप्ते असतील तर तारखा आणि चेक क्रमांक
• ठेकेदाराने सामान कधीपर्यंत न्यायचं
• मजूर, सेंट्रिंगवाला, सिमेंट-स्टीलचे दुकानदार यांची देणी ठेकेदाराची, मालकावर नाहीत
• केलेल्या कामात पुढे दोष निघाल्यास जबाबदारी कुणाची आणि किती काळ
• वरील रक्कम वटल्यावर एकमेकांवर दावा नाही

शेवटच्या कलमात "वटल्यावर" हा शब्द असू द्या. "दिल्यावर" लिहिलं आणि चेक परत आला तर तुम्ही हक्क सोडून बसलेले असता. देण्यांचं कलमही विसरू नका. साइट तुमची, त्यामुळे विटांचं बिल घेऊन वीटभट्टीवाला तुमच्याच दारात येतो.

७. बोलणं फिसकटलं तर नोटीस

नोटिशीत राग नको, तारखा हव्यात. साधारण असा मजकूर चालतो:

"आपल्यासोबत दिनांक … रोजी झालेल्या करारानुसार आपण … पर्यंत काम पूर्ण करावयाचे होते. दिनांक … च्या पुरानंतर साइट कामायोग्य झाल्याचे मी दिनांक … रोजी आपणास लेखी कळविले. दिनांक … व … रोजी संयुक्त मोजमापासाठी बोलावूनही आपण आला नाहीत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत काम सुरू करून पूर्णत्वाची लेखी तारीख द्यावी. तसे न झाल्यास करार आपण मोडला असे समजून तो रद्द करण्यात येईल आणि सोबतच्या हिशोबाप्रमाणे रु. … परत करण्याची जबाबदारी आपली राहील."

आधी संधी, मग रद्द. थेट "रद्द केला" लिहिलं तर करार तुम्ही मोडला असा डाव उलटू शकतो. १५ दिवसांनी दुसरं, रद्द केल्याचं पत्र.

आम्ही ही नोटीस रजिस्टर एडीने पाठवली होती. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, त्यामुळे आता खिडकीवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोच मागा. सोबत ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. घरचा आणि ऑफिसचा, दोन्ही पत्ते घाला. पाकीट "घेण्यास नकार" शेऱ्यासह परत आलं तर फोडू नका, तसंच फाइलला लावा.

८. बँक, महापालिका, वीज

बँकेला लेखी कळवा की पुढचा हप्ता तुमच्या नव्या पत्राशिवाय ठेकेदाराच्या नावे सोडू नये. नवा ठेकेदार आला की नवं अंदाजपत्रक लागेल, बँकेचा इंजिनिअर पुन्हा पाहणी करेल.

महापालिकेच्या नगररचना विभागात साइट सुपरवायझर किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर बदलत असेल तर आर्किटेक्टकडून ते कळवून घ्या. बांधकाम परवानगीची मुदत एक वर्षाची असते आणि नूतनीकरण धरून एकूण चार वर्षं. वादाच्या नादात ती उलटू देऊ नका.

आणि पूररेषा तपासा. २००८ च्या पुरानंतर नाशिकमध्ये निळी (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) अशा रेषा आखल्या गेल्या. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात घर बांधायला मनाई आहे. निळी ते लाल या पट्ट्यात परवानगी मिळू शकते, पण बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट उंच हवं, असं राज्याची २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली सांगते. तुमचा जोता त्यापेक्षा खाली असेल तर नव्या ठेकेदाराला काम देण्याआधी आर्किटेक्टशी बोला. झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचनेतून मिळतो.

तात्पुरत्या वीजजोडणीचं बिल कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्या.

९. दाद कुठे मागायची

घर बांधून देणं ही ग्राहक कायद्यात "सेवा" आहे. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तुम्ही नाशिकला राहता म्हणून नाशिकच्याच आयोगात, ठेकेदाराचं ऑफिस कुठेही असो. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत करायची. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघायला हरकत नाही. करारात लवादाचं कलम आहे म्हणून आयोगाचं दार बंद होत नाही.

दिवाणी दाव्याला साधारणपणे ३ वर्षांची मुदत आहे. "पोलिसांत देतो" ही धमकी टाळा. पैसे घेऊन काम अर्धवट सोडणं हा बहुतेक वेळा दिवाणी वादच ठरतो.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदतीस पात्र असलेल्यांत पूरग्रस्तांचा स्पष्ट उल्लेख आहे. स्त्रियाही त्याच यादीत आहेत. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, पंचनाम्याची प्रत जोडा. लोक अदालतीत तडजोड झाली तर दाव्याची कोर्ट फीही वाचते.

फ्लॅट बुक केलेला असेल तर

तिथे रेरा कायदा २०१६ (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा) लागतो. पूर आला तर बिल्डरला प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत वाढवून मिळू शकते (कलम ६), पण करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर तुम्हाला प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क आहे (कलम १८). नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तक्रार महारेराच्या (या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर, फी ५,००० रुपये. स्वतःच्या प्लॉटवर नेमलेल्या ठेकेदाराविरुद्ध महारेरात जाता येत नाही. तिथे अर्ज करून वेळ घालवलेले लोक मला माहीत आहेत.

१०. नव्या ठेकेदाराशी करार करताना

जुन्या कामाची मोजमापं नव्या कराराला जोडा, म्हणजे कुठून पुढे त्याची जबाबदारी हे ठरतं. जोत्याचं काम तसंच वापरायचं की काही भाग तोडायचा, याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत हवं. पैसे टक्क्यांऐवजी मोजमापाच्या बिलावर ठेवा, निदान जोत्यापर्यंत तरी.

आणि हे कलम घाला. आम्ही घातलं होतं, ठेकेदारानेही कुरकुर न करता मान्य केलं:

"पूर, अतिवृष्टी किंवा अन्य नैसर्गिक आपत्तीमुळे काम थांबल्यास दोन्ही पक्षांनी ७ दिवसांत संयुक्त मोजमाप करावे. काम सलग ६० दिवसांपेक्षा जास्त थांबल्यास कोणत्याही पक्षास १५ दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपविता येईल. अशा वेळी प्रत्यक्ष झालेल्या कामाची व साइटवरील वापरण्यायोग्य मालाची किंमत वजा करून उर्वरित रक्कम ३० दिवसांत परत करावी. साइटवरील मालाचा व झालेल्या कामाचा विमा ठेकेदाराने काढावा, त्याचा हप्ता मालकाने द्यावा."

दिवसांचे आकडे तुमच्या कामाच्या आकाराप्रमाणे बदला. विम्याचा हप्ता मालकाने द्यायचा हे मुद्दाम आहे. तो ठेकेदारावर टाकला की पॉलिसी निघतच नाही. पहिला हप्ता देण्याआधी पॉलिसीची प्रत हातात घ्या, तिच्यावर साइटचा पत्ता आणि पुराचा धोका दोन्ही आहेत का हे वाचून बघा.